गारपिटीनंतर दारात उभा राहणारा रूफवाला : डॅलसकडे पहिलं घर घेतलेल्यांसाठी

फ्रिस्को, प्लेनो, ॲलन, मकिनी या पट्ट्यात गेल्या वर्षा-दोन वर्षांत ज्यांनी पहिलं घर घेतलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मार्च ते जून हा इथला गारांचा हंगाम. ११ एप्रिल २०१६ ला जवळच्याच वायली गावात सॉफ्टबॉलएवढ्या गारा पडल्या आणि कितीतरी घरांच्या छपरांना आरपार भोकं पडली. एवढं दरवर्षी होत नाही, पण क्वार्टरच्या नाण्याएवढी, म्हणजे साधारण १ इंचाची गार इथे नवलाची नाही. गारा पडल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत अनोळखी पिकअप ट्रक फिरू लागतात. त्यांच्या मागे शिड्या बांधलेल्या असतात.

गावाकडे मृगाआधी घर शाकारायचं म्हटलं की ठरलेला माणूस यायचा. त्याने आजोबांच्या वेळीही कौलं परतलेली असायची, आणि घर पुन्हा गळलं तर त्याला वाडीत तोंड दाखवायला जागा उरायची नाही. इथे तसं काही नसतं. दारात आलेला मुलगा ओक्लाहोमातून आलाय की कोलोरॅडोतून, आपल्याला कळत नाही, आणि पुढच्या गारा जिथे पडतील तिथे तो निघून जातो. डोक्यावरचं डांबरी शिंगलचं, म्हणजे एकावर एक ठोकलेल्या पातळ डांबरी पट्ट्यांचं, छप्पर आपल्यालाही नवीनच असतं. त्यात आलेल्या माणसाला दारातच ‘नको’ म्हणणं आपल्या हाडात नाही. पाणी विचारतो, बोलणं पूर्ण ऐकून घेतो, आणि तेवढ्यात सही होऊन जाते.

आमची अशीच झाली. गुरुवारची सकाळ, घरात मी एकटी. विशी-बाविशीचा, अतिशय नम्र मुलगा. ‘मॅम, वर चढून फक्त बघतो, फुकट आहे, चढायला परवानगी म्हणून इथे सही करा,’ म्हणत त्याने टॅब पुढे केला. मी बोटाने सही केली. संध्याकाळी ईमेलवर चार पानं आली. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की इन्शुरन्सने क्लेम मंजूर केला तर काम याच कंपनीला द्यायचं, इन्शुरन्स देईल त्या रकमेत द्यायचं, आणि मागे फिरलो तर त्या रकमेच्या २५ टक्के भरपाई भरायची. मी परवानगी समजून जिथे सही केली, तो करार होता. तो आम्ही रद्द कसा केला ते शेवटी सांगते. आधी ती वेळच येऊ नये म्हणून काय करायचं, ते क्रमाने.

१. गारा थांबल्या की आधी आपलेच फोटो

छपरावर स्वतः चढू नका. ओल्या शिंगलवरून पाय घसरतो, आणि चढायची गरजही नसते, कारण गारांच्या बऱ्याच खुणा खालून दिसतात. घराभोवती एक फेरी मारा. पत्र्याच्या गटरला आणि डाउनस्पाउटला, म्हणजे गटरचं पाणी खाली आणणाऱ्या पाइपला, पोचे आलेत का, एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पातळ पात्या चेपल्यात का, खिडक्यांच्या जाळ्या फाटल्यात का, पाहा. डाउनस्पाउटचं पाणी जमिनीवर पडतं तिथे काळी, जाडसर वाळूसारखी रेव साठलीय का, हेही पाहा. ती शिंगलवरून सुटलेली रेव असते. थोडी रेव एरवीही सुटते, पण गारांनंतर ढीग दिसला तर फोटो काढाच. दोन-चार मोठ्या गारा नाण्याशेजारी ठेवून फोटो काढा आणि पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. एवढीशी गोष्ट, पण त्या दिवशी तुमच्या अंगणात किती मोठी गार पडली याचा तो पुरावा.

मग टॉर्च घेऊन ॲटिकमध्ये जा. इन्सुलेशन ओलं आहे का, लाकडावर डाग आहे का, फळ्यांच्या फटीतून उजेड येतोय का? काहीच नसेल तर आज कुणालाही हो म्हणण्याची घाई नाही.

पाणी खरोखर आत येत असेल तर मात्र थांबू नका. छपरावर ताडपत्री टाकून घ्या. पुढचं नुकसान टाळण्यासाठी योग्य ती काळजी घ्यायची असं बहुतेक पॉलिसीतच लिहिलेलं असतं, आणि तो खर्च क्लेममध्ये दाखवता येतो, म्हणून पावती जपा. पण ताडपत्रीचं बिल ताडपत्रीपुरतंच घ्या. त्याच कागदावर ‘पुढचं रूफचं कामही आम्हालाच’ असं बारीक अक्षरात नाही ना, ते वाचा.

२. दारावरची पाच मिनिटं

दार उघडायलाच हवं असं नाही. डोअरबेलच्या कॅमेऱ्यातून बोललं तर त्यात उद्धटपणा काही नाही, इथे सगळेच तसं करतात. इंग्रजीत एकच वाक्य पाठ ठेवा : ‘वी आर नॉट साइनिंग एनीथिंग टुडे, प्लीज लीव्ह युवर कार्ड.’ कारण सांगू नका. ‘नवरा घरी नाही’ म्हणालात तर तो संध्याकाळी सातला परत येतो, ‘आत्ता पैसे नाहीत’ म्हणालात तर पैसे न लागण्याची योजना काढतो. कारण दिलं की त्यावर उत्तर देण्याचंच त्याला शिकवलेलं असतं. कारण दिलंच नाही तर त्याच्यापाशी बोलायला काही उरत नाही.

या भागातल्या बऱ्याच शहरांत घरोघरी विक्री करायला शहराचा परवाना लागतो आणि ओळखपत्र गळ्यात अडकवावं लागतं. ते मागा. दाखवता येत नसेल तर बोलणं तिथेच संपलं. आपल्या शहराचा नियम शहराच्या वेबसाइटवर ‘सॉलिसिटर परमिट’ शोधलं की सापडतो. ‘नो सॉलिसिटिंग’ची छोटी पाटी दाराशी लावली तर निम्मे तरी वरच्या वर जातात.

छपरावर चढू देऊ नका, फुकट असलं तरी. सगळेच लबाड असतात असं मी म्हणत नाही. पण नाण्याने किंवा गोल तोंडाच्या हातोडीने शिंगलवर ‘गारेची खूण’ उमटवणारे लोक या धंद्यात आहेत, आणि वर काय चाललंय ते खालून आपल्याला दिसत नाही. तो खाली येतो, फोनवर खडूने गोल केलेल्या वीस खुणांचे फोटो दाखवतो, आणि ते आपल्याच घराचं छप्पर आहे हे आपण त्याच्या शब्दावर मानायचं असतं.

आपली इन्शुरन्स कंपनी कोणती, पॉलिसी नंबर काय, डिडक्टिबल (नुकसानीतला आपल्या खिशातून भरायचा वाटा) किती, यातलं काही दारात सांगू नका.

यातही सगळ्यात आधी सांभाळायला हवं ते आई-बाबांना. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा दुपारी घरी असतात, बेल वाजली की दार उघडतात, आणि शर्टावर कंपनीचं नाव असलेला, हातात टॅब घेतलेला माणूस त्यांना सरकारी वाटतो. माझ्या सासूबाईंनी एकाला चहा दिला आणि माझा मोबाइल नंबरही दिला. पुढचे पंधरा दिवस फोन येत होते. त्यांना आधीच सांगून ठेवा : ‘आई, गारांनंतर कुणीही आलं तरी काचेतूनच हात हलवून नको म्हणा, आणि कशावरही बोट टेकवू नका.’ मी हे देवनागरीत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं आहे.

दारात येणाऱ्या रूफवाल्याची काही वाक्यं ठरलेली असतात. ‘तुमच्या शेजाऱ्यांचं काम आम्हीच करतोय.’ कोणत्या शेजाऱ्यांचं ते विचारा आणि त्यांच्याकडे जाऊन या, त्या निमित्ताने ओळखही होईल. ‘आज सही केली तरच हा भाव.’ आज खरा असलेला भाव पुढच्या आठवड्यातही खराच असतो. ‘इन्शुरन्सशी आम्हीच बोलू, तुम्हाला काही करावं लागणार नाही.’ हे टेक्ससमध्ये बेकायदा आहे. क्लेमची बोलणी तुमच्या वतीने करायला पब्लिक ॲडजस्टरचं लायसन्स लागतं, आणि ज्या घराचं काम कॉन्ट्रॅक्टर करतोय त्याच घराचा पब्लिक ॲडजस्टर त्याला होता येत नाही. स्वतःच्या एस्टिमेटमधल्या खर्चाविषयी तो बोलू शकतो, क्लेम किती आणि कसा मिळावा याविषयी नाही.

चौथं वाक्य सगळ्यात गोड असतं : ‘तुमचा डिडक्टिबल आम्ही भरतो.’ त्यासाठी आधी हिशेब समजून घेऊ.

३. डिडक्टिबलचा हिशेब

गाडीच्या इन्शुरन्सवरून आपल्याला वाटतं, डिडक्टिबल म्हणजे पाचशे-हजार डॉलर. घराच्या पॉलिसीत वारा आणि गारांचा डिडक्टिबल इथे बहुधा टक्क्यांत असतो, आणि तोही छपराच्या खर्चाचा नाही, तर घराचा जेवढ्याचा विमा आहे त्या पूर्ण रकमेचा. घराचा विमा ४ लाख डॉलरचा असेल आणि डिडक्टिबल २ टक्के असेल, तर ८ हजार डॉलर तुमच्या खिशातले. पॉलिसीचं पहिलं पान आजच उघडा आणि ‘विंड अँड हेल’ पुढचा आकडा पाहा. घर घेताना हप्ता कमी दिसावा म्हणून एजंटने १ ऐवजी २ टक्के घातलेले असतात, आणि आपल्याला ते गारा पडल्यावरच कळतं.

आता समजा, नव्या छपराचा खर्च १८ हजार ठरला. छप्पर जुनं म्हणून त्यातले ६ हजार घसारा धरला, तर सध्याची किंमत १२ हजार. त्यातून डिडक्टिबलचे ८ हजार वजा होऊन पहिला चेक येतो फक्त ४ हजारांचा. काम पुरं करून बिल पाठवलं की घसाऱ्याचे ६ हजार नंतर मिळतात. पहिला चेक पाहून ‘इन्शुरन्सने फसवलं’ असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि त्याच वेळी दारातला माणूस मदतीला आल्यासारखा वाटतो. काही पॉलिसींत जुन्या छपराला घसारा वजा करूनच पैसे मिळतात आणि तो घसारा परत मिळत नाही. तुमची पॉलिसी तशी आहे का, ते एजंटला ईमेलने विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहील.

म्हणजे १८ हजारांच्या कामात ८ हजार तुमचे. ते ‘आम्ही भरतो’ म्हणणारा एकतर १८ हजारांचं काम १० हजारांत उरकणार, किंवा इन्शुरन्सला फुगवलेलं बिल देणार. उरकायचं म्हणजे धुराड्याभोवतीचं गंजकं फ्लॅशिंग (सांध्यातून पाणी शिरू नये म्हणून लावलेली पत्र्याची पट्टी) तसंच ठेवायचं, कुजलेल्या फळीवरच नवा शिंगल ठोकायचा. वरून सगळं नवंकोरं दिसतं, आणि तीन-चार वर्षांनी बेडरूमच्या छतावर तपकिरी गोल उमटतो. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्ससमध्ये डिडक्टिबल माफ करणं, भरून देणं किंवा दुसऱ्या नावाने परत करणं हा गुन्हा आहे. घसाऱ्याची रक्कम सोडण्याआधी इन्शुरन्स कंपनी तुमच्याकडे डिडक्टिबल भरल्याचा पुरावा मागू शकते. ‘जाहिरातीची पाटी अंगणात लावायचे ८ हजार देतो’ हेही त्याच पोटातलं. हे वाक्य ऐकलं की त्या माणसाशी पुढे काही बोलायचं नाही, एवढंच माझं सांगणं आहे.

४. क्लेम करायचा की नाही

आपण स्वतः बोलावलेल्या दोन-तीन स्थानिक रूफरना छप्पर दाखवा. दुरुस्ती दीड हजारात होत असेल आणि डिडक्टिबल ८ हजार असेल, तर क्लेम करून हाती काही लागत नाही. उलट क्लेम तेवढा सात वर्षं नोंदीत राहतो. नुकसान मोठं असेल तर क्लेम तुम्ही स्वतः कंपनीच्या ॲपवरून किंवा फोनवरून करा. इथल्या बहुतेक पॉलिसींत त्यासाठी नुकसानीपासून एक वर्षाची मुदत असते, तेव्हा ‘उद्यापर्यंत केलं नाही तर गेलं’ हे खरं नाही. पण उगाच लांबवूही नका, पुरावे पुसट होतात. क्लेम कळवल्यापासून १५ दिवसांच्या आत कंपनीने दखल घ्यावी असा नियम आहे. ॲडजस्टर, म्हणजे नुकसान पाहायला येणारा इन्शुरन्स कंपनीचा माणूस, येईल त्या दिवशी घरी थांबा, आपले फोटो दाखवा, आणि तुम्ही निवडलेला रूफर तिथे असला तर उत्तम.

५. माणूस निवडताना

हे कळलं तेव्हा मला धक्का बसला होता : टेक्ससमध्ये इलेक्ट्रिशियनला, प्लंबरला, एसीवाल्याला लायसन्स लागतं, रूफरला राज्याचं लायसन्स लागतच नाही. रूफरच्या संघटनेचं लायसन्स असतं, पण ते ऐच्छिक. फ्लोरिडात रूफरला राज्याचं लायसन्स लागतं. तिकडच्या नातेवाइकांचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही, तो यामुळे. ‘लायसन्स्ड अँड इन्शुअर्ड’ असं ट्रकवर रंगवलेलं असलं तरी पहिल्या शब्दाला इथे फारसा अर्थ नाही. दुसऱ्या शब्दाचा कागद मागा, आणि तो त्याच्या हातून न घेता त्याच्या इन्शुरन्स एजंटकडून थेट तुमच्या ईमेलवर येऊ द्या. टेक्ससमध्ये खासगी मालकांवर कामगारांच्या अपघात विम्याची सक्ती नाही. तुमच्या छपरावरून कुणी पडलं तर काय, हे म्हणूनच आधी विचारायचं.

टेक्सस कंप्ट्रोलरच्या, म्हणजे राज्याच्या कर खात्याच्या, वेबसाइटवर कंपनीचं नाव टाकलं की ती केव्हा नोंदली गेली ते फुकट दिसतं. मागच्या महिन्यात नोंदलेली कंपनी ‘वीस वर्षांचा अनुभव’ सांगत असेल तर तुम्हाला उत्तर मिळालंच. पत्ता पोस्टाच्या खोक्याचा नको, ऑफिसचा हवा. मागच्या आठवड्यात केलेली घरं दाखवली तर चार-पाच वर्षांपूर्वीचं एखादं घर मागा आणि जाऊन त्या माणसाला विचारा, गळलं का, आणि गळलं तेव्हा हे आले का.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारायला हरकत नाही, मीही विचारते. फक्त नाव सुचवणाऱ्याला एक प्रश्न करा : ‘दादा, तुम्हाला यात रेफरलचे पैसे मिळतात का?’ काही कंपन्या दर घरामागे ते देतात. देणं-घेणं उघड असलं तर राग नाही, पण आपल्याला ते माहीत असायला हवं.

६. करार आणि पैसे

एकही रिकामी जागा ठेवून सही नको. शिंगलचा ब्रँड, प्रकार आणि रंग, शिंगलखालचं अंडरलेमेंट (पाणी अडवणारा थर), फ्लॅशिंग नवं की जुनंच, कुजलेली फळी निघाली तर एका शीटचा दर, परमिट कोण काढणार, अंगणातले खिळे लोहचुंबकाने कोण वेचणार, सगळं कागदावर हवं. ‘इन्शुरन्स देईल ती रक्कम’ ही किंमत होऊ शकत नाही, आकडा लिहून घ्या. एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संस्था) असेल तर रंगाची मंजुरी आधी. छप्पर पूर्ण बदलायचंच असेल तर क्लास ४ च्या गारा सोसणाऱ्या शिंगलचा भावही विचारा, अनेक कंपन्या त्यावर हप्त्यात सूट देतात.

राहत्या घरावर कॉन्ट्रॅक्टरचा बोजा चढायला काम सुरू होण्याआधीचा लेखी करार आणि नवरा-बायको दोघांची सही लागते. दोघांची सही मागतात ती याचसाठी, तेव्हा दोघांनी बसून वाचल्याशिवाय ती देऊ नका.

आगाऊ मोठी रक्कम देऊ नका. गव्हर्नरने आपत्ती जाहीर केलेल्या भागात, बाहेरगावच्या कॉन्ट्रॅक्टरला काम सुरू करण्याआधी पैसे मागताच येत नाहीत, असा इथला कायदा आहे. इन्शुरन्सचा चेक त्याच्या नावावर फिरवून देऊ नका. त्या चेकवर बहुधा तुमच्या मॉर्गेज कंपनीचंही नाव असतं आणि त्यांची सही मिळायला दिवस लागतात, हे रूफरला आधीच सांगा. शेवटचा हप्ता देण्याआधी माल पुरवणाऱ्याचे आणि मजुरांचे पैसे चुकते केल्याचं लेखी घ्या. नाहीतर शिंगलच्या दुकानाची उधारी तुमच्या घरावर येऊ शकते.

७. सही होऊन गेली असेल तर

घाबरू नका, पण दिवस मोजा. तुमच्या घरी येऊन केलेली २५ डॉलर किंवा त्याहून मोठी विक्री तीन कामाच्या दिवसांत, तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत, कारण न देता रद्द करता येते. हा केंद्राचा नियम आहे, आणि टेक्ससच्या कायद्यातही तीन दिवसांची तरतूद आहे. शनिवार मोजतात, रविवार आणि केंद्राची सुट्टी मोजत नाहीत. रद्द करण्याचा फॉर्म त्यानेच करारासोबत द्यायचा असतो.

आम्हाला फॉर्म मिळालाच नव्हता. समोरच्या काकांनी शनिवारी ती चार पानं वाचली आणि म्हणाले, सोमवारी रात्री बारापर्यंत वेळ आहे. साध्या कागदावर चार ओळी लिहिल्या : आमचं नाव, पत्ता, कराराची तारीख, आणि ‘हा करार आम्ही रद्द करत आहोत’. फोटो काढून आधी ईमेल केला. सोमवारी दुपारी पोस्टात जाऊन सर्टिफाइड मेलने मूळ कागद पाठवला, पोचपावतीचं हिरवं कार्ड जोडून. काउंटरवर मिळालेल्या पावतीवरची तारीख आणि वेळ मी तिथेच उभी राहून वाचली. त्या मुलाचे तीन फोन आले, एकदा त्याच्या वरिष्ठाचा आला, आवाज चढला. मी प्रत्येक वेळी एवढंच म्हटलं की पत्र पाठवलंय, जे काही असेल ते लेखी कळवा.

तुमच्या बाबतीत ते ऐकतच नसतील तर टेक्सस इन्शुरन्स खात्याला १-८००-२५२-३४३९ वर, आणि ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाला १-८००-६२१-०५०८ वर फोन करा. मुदत उलटून गेली असली तरी करा, कारण करारात कायद्याने लागणाऱ्या सूचना नसतील तर तोही मुद्दा असतो.

आमचं हिरवं कार्ड नऊ दिवसांनी सहीसकट परत आलं, आणि पाठोपाठ करार रद्द झाल्याचा एका ओळीचा ईमेल. मग काकांच्या ओळखीचा, मकिनीत दुकान असलेला रूफर आला. तो अर्धा तास वर होता, प्रत्येक फोटोत घराचा नंबर दिसेल असं काहीतरी त्याने चौकटीत घेतलं होतं. उत्तरेच्या बाजूचे सहा शिंगल आणि एका व्हेंटचं झाकण, एवढंच बदलायचं निघालं. ४१० डॉलर झाले. क्लेम केला नाही.